"माय वावरमा गयी" : पहिलीच्या वर्गातला एक आठवडा



पहिलीला शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या वर्गात एक तरी मूल असं असतं, जे जूनमध्ये येतं आणि जुलै उजाडला तरी तोंड उघडत नाही. माझ्या वर्गात यंदा अशी एक मुलगी आहे. हजेरीला हात वर करते, खिचडी पोटभर खाते, मैदानात तर तिचाच आवाज सगळ्यात मोठा. वर्गात आली की गप्प. मी नोंदवहीत तिच्या नावापुढे "भाषा - प्रतिसाद नाही" असं लिहूनही टाकलं होतं. ते चुकलं होतं, हे या आठवड्यात कळलं.

आमचं गाव तापीकाठी, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेजवळ. घरोघरी अहिराणी. सोमवारी शेताचं चित्र फळ्यावर लावून "चित्रात काय काय दिसतं?" असं विचारत होते. तिच्यापाशी आले, ती जमिनीकडे बघायला लागली. तेव्हा चित्र बाजूला ठेवून सहज विचारलं, "तुनी माय कोठे शे?"

"माय वावरमा गयी. निंदाले."

तीन आठवड्यांतलं तिचं पहिलं वाक्य! मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडमले अहिराणी येस!" आणि वर्ग हसला. हसले ते मला, तिला नाही.

ते वाक्य मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली "आई शेतात गेली". खरं सांगते, हात जरा अडखळला. डी.एड.ला असताना माझ्या "शे"वर वर्गमैत्रिणी हसायच्या, ते अजून मनात आहे. फळ्यावर शुद्धच लिहायचं हे अंगात इतकं भिनलंय, की "गयी" लिहिताना कोणी बघत तर नाही ना, असं वाटलं.

त्या एका वाक्यावर आमचे दोन दिवस गेले. "माय" आणि "वावर" या दोन शब्दांत अक्षरं किती? म, य, व, र आणि एक काना. एवढ्यावर मुलांनी कार्डं जुळवून रवा, वारा, मावा, मार, वार, राम असे शब्द केले. एकाने चार कार्डं आणि काना लावून "वरमाय" केलं! त्याच्या घरी नुकतंच लग्न झालंय. मला हा शब्द सुचलाच नसता. कमळ, गवत, बदक यांच्यापासून सुरुवात करण्यात वाईट काही नाही, पण वावर रोज पायाखाली असतं.

बुधवारी मुलांनीच एक नियम काढला. "मा काढायचा, आत लावायचा." घरमा - घरात, वावरमा - वावरात, हातमा - हातात, बाजारमा - बाजारात. मग "जत्रामा"चं झालं "जत्रात". चूक? हो, पण बघा, मूल पाठ केलेलं म्हणत नाहीये, नियम लावून पाहतंय. मी जत्रेत, शाळेत, सभेत असे तीन शब्द शेजारी लिहिले आणि काही न सांगता थांबले. जरा वेळाने एकजण म्हणाला, "यांच्यात आ नाही, ए आहे." सामान्यरूप हा शब्द त्यांना सहावी-सातवीत भेटेल तेव्हा भेटो.

मला तिचं खाली, ळ वाचताना. "डोळा" लिहिलेलं असतं आणि मूल "डोया" वाचतं. ही वाचनातली चूक धरू नका. अक्षर ओळखलेलं आहे, उच्चार घरचा आहे. मूल्यमापनात मीही आधी गुण कापत असे.

गुरुवारी गणित. दहाचा गट समजावायला केळीची फणी आणली, आपल्याकडे केळ्याला तोटा नाही. फणी म्हणजे दहा, असं मी गृहीत धरलेलं. मुलांनी मोजली तर सोळा! दुसरी चौदा. शेवटी पऱ्हाटीच्या काड्यांच्या जुड्या बांधल्या आणि केळी खाऊन टाकली. मोजायला बिया आणत असाल तर चिंचोके किंवा मका घ्या. पेरणीची सरकी अजिबात नको, तिला औषध लावलेलं असतं आणि मुलांचे हात तोंडात जातात.

शुक्रवारी एक वडील भेटायला आले. "मॅडम, अहिराणी तर पोरीला येतेच. तुम्ही मराठी शिकवा. उद्या धुळ्याला कॉलेजात गेली तर लोक हसतील." त्यांचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, हसू मीही झेललंय. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं कलम आहे, हे सांगून त्यांचं समाधान झालं नसतं. बहिणाबाईंचं सांगितलं. आसोद्याची बाई, अक्षरओळख नाही, गाणी घरच्या बोलीत, घरच्यांनी उतरवून घेतलेली, आणि १९५२ साली छापल्यावर सगळा महाराष्ट्र वाचायला लागला. ते म्हणाले, "हां, पण तिला नोकरी नव्हती करायची." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना मुलीची वही दाखवली, एका ओळीत घरचं वाक्य, खालच्या ओळीत पुस्तकातलं. "दोन्ही लिहिते का मग?" असं विचारून त्यांनी वही दोनदा चाळली.

ती गप्प मुलगी अजून लिहीत नाही. म आणि व ओळखते, य आणि र मध्ये गोंधळते. पण आता बोलते, आणि मी नोंदवहीतली ती ओळ खोडली आहे.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. वर्गात दोन मुलं सातपुड्यातल्या पाड्यावरची आहेत, घरी पावरी बोलणारी. माझी अहिराणी त्यांच्यासाठी मराठीइतकीच परकी. आठवडाभर ती दोघं बाकीच्यांचं हसणं बघत बसली. त्यातल्या एकाची बहीण चौथीत आहे. सोमवारपासून पहिल्या तासाला तिला आमच्या वर्गात बसवायचं ठरवलंय. ती शब्द सांगेल, मी फळ्यावर लिहीन. शिरपूर, चोपडा, यावलच्या पट्ट्यात कोणी असं काही करत असेल तर कसं करता ते मला नक्की कळवा.