संचालकांना निवडतं कोण, पैसे देतं कोण?

प्रश्न : मी भोपाळच्या तुलसी नगरात राहतो. गावची शेती अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या बाजार समितीचे संचालक कोण निवडतं? त्यांना पगार असतो का? सातबारा माझ्या नावावर आहे, मग मला मत का नाही?
– एक वाचक

उत्तर : सातबाऱ्यावर मत मिळत नाही, हीच यातली गोम आहे. महाराष्ट्राच्या १९६३च्या कायद्यानुसार १८ निवडून येणाऱ्या संचालकांपैकी ११ जणांना सेवा सहकारी सोसायट्यांचे संचालक निवडतात, चौघांना ग्रामपंचायत सदस्य, दोघांना परवानाधारक व्यापारी-अडते आणि एकाला हमाल-मापाडी. २०१७मध्ये शेतकऱ्याला थेट मत मिळालं होतं. सोलापुरात २०१८ची निवडणूक तशीच झाली. पण २०२०मध्ये तो हक्क काढून घेतला गेला. २०२३च्या निवडणुकांत १० आर जमीन असलेल्या शेतकऱ्याला उभं राहायची मुभा मिळाली, मत मात्र नाही. उमेदवार व्हा, पण स्वतःलाही मत देऊ नका, असा हा अजब न्याय!

मुदत पाच वर्षं. सभापती संचालकांमधूनच निवडला जातो. पगार कुणालाच नाही. संचालकांना बैठक आणि प्रवास भत्ता, सभापतीला मानधन. हा पैसा समितीच्या उत्पन्नातून जातो आणि त्यातला मोठा वाटा बाजार फीचा, म्हणजे सेसचा. ती खरेदीदाराने भरायची असते. तुमच्या मालाच्या हिशोबपट्टीत ती कापलेली दिसली, तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

अप्रत्यक्ष का होईना, मत हवंच असेल, तर गावच्या सोसायटीचे सभासद व्हा आणि तिचे संचालक निवडताना जातीने हजर राहा.