ठेकेदाराचे बिल थकले, म्हणून फ्लॅटवर बोजा चढतो का?

प्रश्न : घोडबंदर रोडवर कासारवडवलीला माझा फ्लॅट आहे. कामाच्या दर्जावरून वाद झाल्याने इंटिरियर ठेकेदाराचे शेवटचे बिल मी रोखले. आता ‘फ्लॅटवर माझा बोजा आहे’ अशी जाहीर नोटीस त्याने छापली आणि फ्लॅट घेणारा ग्राहक कचरतो आहे. बोजा कोर्टातून कसा उठवावा?

उत्तर : आधी निर्धास्त व्हा. अमेरिकेत ठेकेदाराला थकबाकीपोटी मिळकतीवर बोजा नोंदवता येतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. करार कायद्याच्या कलम 170 मधला, मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क दुरुस्तीला दिलेल्या जंगम वस्तूंपुरता आहे; फ्लॅटला तो लागू नाही. नुसत्या नोटिशीने बोजा निर्माण होत नाही.

त्याचा मार्ग वसुलीच्या दाव्याचा. मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षे. दाव्यात तो निकालापूर्वी जप्ती मागू शकतो. मात्र तुम्ही मिळकत विकून पैसे बुडवण्याच्या बेतात आहात, हे त्याला दाखवावे लागेल. विनातारण येणे तारणी करून घेण्यासाठी जप्ती वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रमण टेक प्रकरणात (2008) बजावले आहे. जप्ती झालीच, तर तारण देऊन ती उठवून घेता येते.

तूर्त वकिलामार्फत नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश होऊ नये म्हणून ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करा. ते 90 दिवस चालते. दुय्यम निबंधकाकडील शोध अहवाल आणि वादाची कागदपत्रे ग्राहकाला दाखवा, काही लपवू नका. ठेकेदार अडूनच बसला, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 34 खाली घोषणेचा आणि त्यासोबत मनाईचा दावा करा. आणि झालेल्या चोख कामाचे पैसे मात्र आजच चुकते करा. कारागिराची मजुरी अडवणे न्याय्य नाही.