पाळी सुटल्यावरचा वर्ग

पोरी, व्हिडिओतून इंजिनिअरिंग शिकवणार म्हणतेस, तर आधी हे ध्यानात ठेव: कळमेश्वर एमआयडीसीतला तुझा विद्यार्थी पाळी करून आलेला असेल. कानात मशीनचा आवाज, जेवायचं बाकी. प्रस्तावनेत वेळ घालवलास की तो झोपलाच.

सुरुवात बिघाडापासून कर. आमचे जुने फोरमन नव्या पोराला आधी जळकी मोटर उघडायला लावायचे, सूत्र मागाहून. थ्री-फेज मोटर शिकवताना तसंच कर. एक फेज नसला की मोटर नुसती गुणगुणते, उचल घेत नाही. चालत्या मोटरचा फेज गेला तर ती फिरत राहते, पण तेवढ्याच लोडला उरलेल्या दोन तारांत करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो. टाँग टेस्टरचा आकडा कॅमेऱ्याजवळ धर, घाई करू नकोस, त्याला वाचू दे. मग जळकं वाइंडिंग दाखव: स्टार जोडणी असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्या, तिसरी जशीच्या तशी. असली मोटर रिवाइंडिंगला त्यानं स्वतः नेलेली असते. आता त्या पावणेदोन पटीमागचं वर्गमूळ तीन फळ्यावर मांड. तो उठून बसेल.

तुकडे दहा मिनिटांचे, एकात एकच गोष्ट. बोलणं मराठीत, पण कॉन्टॅक्टरला कॉन्टॅक्टर आणि रिलेला रिलेच म्हण. शंकांसाठी सुट्टीची सकाळ ठरव आणि ती कधीही चुकवू नकोस. एकटा शिकणारा माणूस शंका अडली की कोर्सच सोडतो, हे मी फार पाहिलं.

एनपीटेलची व्याख्यानं जोडीला घे. आयआयटी आणि आयआयएससीनं 2003 मध्ये सुरू केलेलं ते काम मोलाचं आहे, बघायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्राला 25 टक्के गुण असाइनमेंटचे, 75 टक्के केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्सात असाइनमेंट उत्तम आठच धरतात. म्हणजे रात्रपाळीचा एखादा आठवडा बुडाला तरी चालतो. हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर एक चुकली म्हणून पोरं नाद सोडतात.

आणि पदवीचं खोटं आश्वासन कुणाला देऊ नकोस. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेविना पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंग पदव्या सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये अडवल्या. नोकरी करून शिकलेल्यांचे त्यात फार हाल झाले. पदवीच हवी असेल त्याला नोकरदारांसाठीच्या मान्यताप्राप्त बॅचकडे पाठव, आणि फी भरण्याआधी मान्यतेचं पत्र त्याच्याबरोबर बसून वाच.