‘असिमिलेटिव्ह’ : अर्थ आणि उपयोग

‘असिमिलेटिव्ह’ या इंग्रजी विशेषणाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘अद्’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘सिमिलिस’ म्हणजे ‘सारखा’. जे दुसऱ्याला आपल्यासारखे करून घेते, ते असिमिलेटिव्ह. गंमत अशी, की या शब्दाच्या घडणीतच त्याचा अर्थ प्रत्ययाला येतो. ‘अद्’मधील ‘द्’ पुढच्या ‘स’च्या सान्निध्यात स्वतःही ‘स्’ झाला आहे. मराठीच्या अभ्यासकाला हा बदल परिचित आहे. ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतो; ‘जगत्’ आणि ‘नाथ’ मिळून ‘जगन्नाथ’. संस्कृत ‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ झाले आणि मराठीत ‘सात’. अशा ध्वनिबदलालाही हे विशेषण लावता येते.

शब्दांच्या बाबतीत मराठी स्वतःच असिमिलेटिव्ह आहे. पोर्तुगिजांकडून आलेला ‘बटाटा’ येथे ‘बटाट्याची भाजी’ झाला. इंग्रजी ‘टेबल’ नपुंसकलिंगी होऊन ‘टेबलावर’, ‘टेबले’ अशी रूपे धारण करू लागले. परके शब्द मराठी व्याकरणाच्या शिस्तीत इतके रुळले, की त्यांचे परकेपण सांगावे लागते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ‘शोषक’ आणि ‘शोषित’ यांत जो फरक आहे, तोच ‘असिमिलेटिव्ह’ आणि ‘असिमिलेटेड’ यांत आहे. पहिले विशेषण सामावून घेणाऱ्याचे, दुसरे सामावला गेलेल्याचे.

माणसांच्या संदर्भात हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. कॅनडात एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मूलनिवासी समाजांची सुमारे दीड लाख मुले निवासी शाळांत ठेवली गेली. अनेकांना घरापासून बळाने दूर नेण्यात आले आणि मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा करण्यात आली. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी 11 जून 2008 रोजी संसदेत याबद्दल क्षमा मागितली. या धोरणाचे वर्णन करताना इंग्रजीत ‘असिमिलेटिव्ह’ हाच शब्द चालतो. मराठीत मात्र ‘सर्वांना सामावून घेणारे धोरण’ असे भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होईल. ‘सामावून घेणे’ या शब्दप्रयोगात आपुलकी आहे. येणाऱ्याने स्वतःची भाषा सोडावी, अशी अट त्यात नाही. तेथे ‘वेगळेपण पुसून टाकणारे धोरण’ असेच म्हणावे लागेल.

पाठगत प्रश्न : ‘उत् + लेख = उल्लेख’ यात कोणता ध्वनी कोणासारखा झाला?