माणसे घडविण्याची विद्या

नेतृत्व हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, हारतुरे आणि टाळ्यांचा कडकडाट उभा राहतो. आम्हां व्यापाऱ्यांना मात्र नेतृत्वाचा अर्थ शोधण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. मालक चार दिवस परगावी गेला असता गल्ल्यावर कोण बसतो, उधारीचा निर्णय कोण घेतो, आणि दारी आलेल्या गिऱ्हाइकाचे काम होते की ‘मालक आल्यावर या’ असे उत्तर त्यास मिळते, एवढे पाहिले म्हणजे त्या पेढीतील नेतृत्वाची परीक्षा होऊन जाते. ज्या पेढीचे सर्व व्यवहार एकाच माणसाच्या डोक्यात साठलेले असतात, ती पेढी त्या माणसाबरोबर थकते आणि पुष्कळदा त्याच्याबरोबरच संपते. कायमच्या लागलेल्या अशा फळ्या आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आढळतात. त्या सर्वच काही भांडवल आटल्यामुळे लागलेल्या नसतात. कित्येक ठिकाणी भांडवल होते, पण ते सांभाळणारा माणूस वेळीच तयार केलेला नव्हता.

तेव्हा नेतृत्वाचा गुण स्वतःच्या अंगी कसा आणावा व इतरांच्या ठायी तो कसा जागवावा, हा या पाठाचा विषय आहे. त्याचे उत्तर कोरड्या उपदेशापेक्षा चरित्रांत शोधणे आम्हांस अधिक उचित वाटते. येथे घेतलेली दोन्ही चरित्रे आपल्या परिसरातील आहेत. एकाचा उद्योग बेळगावच्या बाजारात जन्मास आला. दुसऱ्याचा जन्म कुंभोजच्या जैन घराण्यात झाला. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे लोखंडी नांगर.

१. विश्वास हे पहिले भांडवल

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांच्या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात निघालेल्या सायकलींच्या दुकानापासून मानला जातो. मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव पुढे पूर्णपणे या उद्योगात आले. वडीलबंधू रामूअण्णांच्या साहाय्याने त्यांनी प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर तयार केले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत त्या वेळी शेतकऱ्यांत रूढ होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे कारखान्याची जागा बेळगावच्या नगरपालिकेला हवी झाली आणि बस्तान हलविण्याची वेळ आली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर मार्च १९१० मध्ये मोजकी कामगार कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव उतरले. आजची किर्लोस्करवाडी ती हीच.

या ठिकाणी आम्हांस वाचकांचे लक्ष यंत्रांपेक्षा माणसांकडे वेधावयाचे आहे. वसाहतीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांकडे होती. शंभोराव जांभेकर यंत्रांची बाजू पाहत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. शाळेचे शिक्षण पुरे न झालेले अनंतराव फळणीकर आपल्या कल्पक बुद्धीच्या बळावर कारखान्याचे आधारस्तंभ झाले. पुतणे शंकरराव यांचा ओढा चित्रकलेकडे होता. त्यांच्या हातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले आणि कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या त्या पत्रातून पुढे महाराष्ट्रातील एक अग्रगण्य मासिक उभे राहिले. सर्वांत विलक्षण गोष्ट राखणदारांची. दरोडेखोर म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला होता अशा दोघांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून माल राखावयाचा, त्यांच्याच हाती माल राखण्याचे काम!

यातून पहिला धडा असा निघतो की, माणूस आधी लायक होतो व मग त्यास जबाबदारी मिळते, हा क्रम नेहमीच खरा नसतो. पुष्कळ वेळा जबाबदारी पडल्यानेच माणूस लायक होतो. पदवी, घराणे किंवा पूर्वीची अपकीर्ती यांपलीकडे जाऊन कोणाच्या हाताला कोणते काम शोभेल हे ओळखणारी दृष्टी हीच नेत्याची खरी मिळकत होय.

२. बोलण्याआधी आचरण

याच किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडणारा एक विक्रेता म्हणजे भाऊराव पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. ज्या मालाविषयी मनात भीती आहे तो माल शेतकऱ्याच्या गळी उतरविणे हे केवळ गोड बोलण्याचे काम नव्हे. त्याच्या बांधावर बसून त्याची शंका ऐकावी लागते. या भ्रमंतीत भाऊरावांना खेड्यातील दारिद्र्य व अज्ञान जवळून दिसले, आणि नांगरापेक्षाही खोल जाणारे अवजार त्यांना शिक्षणात आढळले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह निघाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव देण्यात आले. जातिभेद कडक असलेल्या त्या काळात सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवीत.

हे केवळ भाषणांनी घडले नाही. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने विकले. अखेरीस मंगळसूत्रही मोडले. ज्या घरातील गृहिणी एवढा त्याग करते, त्या घरातील मुलांना काटकसरीवर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. प्रेरणा देणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही. जो मालक नोकरांना वेळेवर यावयास सांगतो आणि स्वतः उन्हे चढल्यावर येतो, त्याचे बोलणे नोकर ऐकतात. अनुकरण मात्र त्याच्या वागण्याचे करतात.

३. दान नव्हे, सामर्थ्य

भाऊरावांनी मुलांना फुकट अन्न दिले असते तर ते थोर दाते ठरले असते. त्यांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना दिली, म्हणून ते नेते ठरले. मुले शेतात राबत, श्रमाची कामे करीत आणि त्या मोबदल्यात मान ताठ ठेवून शिकत. याच पायावर १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले. ज्या बडोदेनरेशांनी आपल्या संस्थानात शिक्षण सक्तीचे केले, त्यांचे नाव त्या शाळेस लाभावे हे सर्वथा योग्यच होते. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, संस्थेच्याच कार्यात परतले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले; संस्थेचे दिवे मात्र मालवले नाहीत. आज तिच्या शेकडो शाळा चालू आहेत. ज्याच्या पश्चात काम वाढते, तोच नेता.

एका आक्षेपाचा विचार

येथे आमचा एखादा व्यवहारी वाचक म्हणेल, “हे सर्व ठीक, पण विश्वास टाकला आणि फसगत झाली तर?” आक्षेप वाजवी आहे. विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. रोकड रोजच्या रोज मिळवावी, खतावणी वेळच्या वेळी व्हावी, आणि हा नियम मालकाच्या मुलालाही लागू असावा. हिशेब तपासणे निराळे व माणसावर संशय घेणे निराळे. नियम सर्वांना सारखा असला की तपासणी अपमानाची राहत नाही. दुसरे असे की, पहिली जबाबदारी आपल्या ऐपतीतील नुकसानीएवढीच द्यावी. मुलास अथवा मुनिमास एखाद्या मोसमात एकाच मालाची खरेदी स्वतंत्रपणे करू द्यावी. चुकल्यास गिऱ्हाइकांसमोर एक शब्दही बोलू नये. संध्याकाळी वही पुढे घेऊन चूक कोठे झाली हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. आणि साधल्यास श्रेय चारचौघांत त्याच्या नावावर मांडावे. श्रेय वाटल्याने मालकाची पत घटल्याचे कोणत्याही बाजारात ऐकिवात नाही.

वर्षाचा अभ्यास

पाठ वाचून विद्या येत नाही. ती रोजच्या सवयीने येते. म्हणून आम्ही वाचकांस तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याची विनंती करतो. पहिली : आपल्याखेरीज दुसऱ्या कोणासही करता येत नाहीत अशी दुकानातील कामे कोणती? त्यांची यादी करावी. दुसरी : त्यांतील एकेक काम दर तीन महिन्यांनी एका नेमक्या माणसाकडे, अधिकारासह, सोपवावे. अधिकाराशिवाय दिलेले काम म्हणजे निव्वळ ओझे. तिसरी : वर्षातून एकदा सलग आठ दिवस दुकानापासून दूर राहावे, निरोप धाडू नयेत, आणि परतल्यावर काय बिघडले यापेक्षा काय निभावले हे आधी विचारावे.

पुढील दिवाळीस नव्या वह्यांचे पूजन होईल तेव्हा ही यादी पुन्हा काढून पाहावी. ती जितकी आखूड झाली असेल, तितके आपले नेतृत्व वाढले असे खुशाल समजावे. जमेच्या बाजूस मांडण्यासारखी रक्कम बाजार देईल तशी कमीअधिक होईल. पण वर्षभरात एक माणूस उभा केला, ही जमा मंदीतही बुडत नाही.