आधी पाणी, मग मासे : घरच्या लहान ॲक्वापोनिक्सची सुरुवात

शाळेच्या भेटीस येणारे माजी विद्यार्थी आणि पालक प्रयोगशाळेमागच्या पडवीत हमखास थांबतात. तेथे एक निळे पिंप आहे, त्यात मासे आहेत, आणि शेजारी उंचावर खडीने भरलेल्या वाफ्यात पुदिना व पालक वाढलेला आहे. वाफ्यात मातीचा कण नाही. माशांचे पाणी भाजीला जाते आणि भाजीकडून माशांकडे परत येते. मासे व वनस्पती एकाच पाण्यावर वाढविण्याच्या या पद्धतीस ॲक्वापोनिक्स म्हणतात. ‘हे आमच्या घरी जमेल का?’ असे पुष्कळजण विचारतात. जमेल, असेच आमचे उत्तर आहे. मात्र आमच्या पहिल्या प्रयत्नात काय चुकले, हे सांगितल्यावाचून ते उत्तर प्रामाणिक ठरणार नाही.

त्या वेळी आम्ही पिंप भरले, पंप सुरू केला आणि दुसऱ्याच दिवशी १५ मासे सोडले. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत होते. मुले हौसेने दिवसातून चार वेळा खाद्य टाकीत. आठव्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. दहाव्या दिवसापर्यंत त्यांतील ११ मेले. मुलांनी ते आंब्याच्या झाडाखाली पुरले. तेव्हा पाचवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, पाणी तर स्वच्छ होते ना?’ जीवहिंसा न करण्याचे शील रोज सकाळी म्हणणाऱ्या मुलांसमोर, केवळ आमच्या घाईमुळे ते जीव गेले होते. हा पाठ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहोत.

स्वच्छ दिसणारे पाणी आणि तयार पाणी

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो पाण्यात दिसत नाही, पण माशांना विषासारखा असतो. निसर्गात या विषाची विल्हेवाट सूक्ष्म जीवाणू लावतात. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही घातक असते, कारण त्यामुळे माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. त्यानंतर नायट्रोस्पायरासारखे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही आणि वनस्पतींचे ते अन्न आहे.

नव्या पिंपात आणि धुतलेल्या खडीत हे जीवाणू नसल्यासारखेच असतात. त्यांची वस्ती खडीच्या पृष्ठभागावर हळूहळू जमते आणि त्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. थंडीत अधिक लागतात. आमचे पाणी स्वच्छ होते, परंतु तयार नव्हते. ॲक्वापोनिक्समध्ये आपण मासे व भाजी पाळतो असे वाटते. वस्तुतः प्रथम पाळावयाचे असतात ते हे न दिसणारे जीव.

मांडणी

घरासाठी २०० लिटरचे एक पिंप माशांकरिता पुरते. तसेच दुसरे पिंप उभे चिरले की प्रत्येकी सुमारे १०० लिटरचे दोन वाफे मिळतात. त्यांतील एकच वाफा सुरुवातीस वापरावा. खडीच्या फटींत पाणी भरताना एक वाफा सुमारे ४० लिटर पाणी ओढून घेतो. दोन वाफे एकदम भरल्यास माशांना पाणी अपुरे पडते. पिंप खाद्यपदार्थांचे असावे. रसायनांचे जुने पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये.

खडी १२ ते २० मिलिमीटर आकाराची घ्यावी आणि धूळ जाईपर्यंत धुवावी. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची खडी या कामास चांगली. चुनखडीचा अंश असेल तर पाण्याचा सामू वाढत राहतो, म्हणून मूठभर खडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर ती खडी वापरू नये. वाफ्यात पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराच्या दोन-तीन सेंटिमीटर खालीच राहील, असा निचऱ्याचा नळ बसवावा. वरचा थर कोरडा राहिला म्हणजे शेवाळ व डास होत नाहीत.

पंप माशांच्या टाकीतील सर्व पाणी तासातून एकदा फिरवू शकेल इतक्या क्षमतेचा असावा. टायमर लावून १५ मिनिटे पंप चालू व ४५ मिनिटे बंद ठेवला तरी चालते. पाणी ओसरताना खडीत हवा शिरते आणि मुळांना व जीवाणूंना प्राणवायू मिळतो. माशांच्या पिंपात मात्र हवेचा लहान पंप अखंड चालावा. वीज जाणाऱ्या गावी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवणे अगत्याचे आहे.

गच्चीवर मांडणी करणाऱ्यांनी वजनाचा विचार करावा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि १०० लिटर खडी दीडशे किलोंहून अधिक. हा भार तुळई किंवा खांबाजवळ असावा; शंका असल्यास अंगणच बरे. पिंपावर ऊन थेट पडू देऊ नये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

वाट पाहण्याचे आठवडे

नळाचे पाणी भरून एक-दोन दिवस उघडे ठेवावे व हवेचा पंप चालू ठेवावा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. क्लोरीन जीवाणूंनाही मारतो. त्यानंतर मासे न सोडता रोज दोन ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, माशांचे खाद्य पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जीवाणूंना अन्न मिळेल. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी माशांची टाकी असेल, तर तिच्या गाळणीतील स्पंज आपल्या पाण्यात पिळावा. त्याने जीवाणूंचे विरजण लागते.

मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. हा खर्च टाळू नये. दर दोन दिवसांनी तपासून वहीत नोंद करावी. प्रथम अमोनिया चढतो. तो लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम झाला की खाद्य थांबवून तो उतरू द्यावा. मग नायट्राइट चढते आणि उतरते. शेवटी नायट्रेट दिसू लागते. खाद्य टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्याच्या जवळ आढळली आणि असे सलग काही दिवस घडले, की पाणी तयार झाले असे समजावे.

सामूकडेही लक्ष असावे. तो ७ वरून ८ झाला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो. सामू ७ च्या आसपास असणे मासे, भाजी व जीवाणू या तिघांनाही मानवते.

किती मासे, किती भाजी

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान ॲक्वापोनिक्सवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातील हिशेब असा : १००० लिटर पाण्यास अधिकाधिक २० किलो मासे, आणि पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यास रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. आपले पाणी २०० लिटर, म्हणजे कमाल ४ किलो मासे; नवशिक्याने त्याच्या निम्म्यावर थांबावे. वाफा सुमारे अर्धा चौरस मीटर, म्हणजे तो पूर्ण भरला असता रोज २० ते २५ ग्रॅम खाद्य लागेल. लहान मासे सुरुवातीस तेवढे खात नाहीत. म्हणून प्रथम चार-सहाच रोपे लावावी आणि मासे वाढतील तशी भाजी वाढवावी.

सुरुवातीस गोल्डफिश किंवा सायप्रिनस यांसारखे सोशिक मासे १० च्या आत घ्यावे. तिलापियासाठी शासनाची परवानगी लागते आणि आफ्रिकन मागूरवर देशात बंदी आहे, हे ध्यानात असू द्यावे. मासे आणल्यावर पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी आणि टाकीतील पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळून मगच मासे सोडावे. भाजीत पुदिना, पालक, अळू व तुळस सोपी; टोमॅटो-मिरचीस पुढे हात घालावा.

खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. मासे सकाळी पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसले, तर खाद्य थांबवून हवा वाढवावी व पाणी तपासावे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोहाची उणीव समजावी. पानांवर कीड दिसली तर ती हाताने काढावी. कीटकनाशक, साबण किंवा तंबाखूचे पाणी यांपैकी काहीही फवारू नये. पानावर पडलेला थेंब अखेर माशांपाशीच पोहोचतो.

या एका वाफ्यावर घर चालणार नाही. आठवड्याच्या भाजीला हातभार लागेल, इतकेच. पाणी मात्र फेकून द्यावे लागत नाही. उडून गेलेले व झाडांनी घेतलेले तेवढेच भरावे लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतून आमच्याकडे आलेल्या मुलांना त्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. वाढलेले मासे खावे की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. शाळेत आम्ही ते खात नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही ३९ दिवस वाट पाहिली. त्या काळात मुलांनी रिकाम्या दिसणाऱ्या पिंपाच्या नोंदी ठेवल्या, आणि वहीतील आकड्यांवरून मासे सोडण्याचा दिवस त्यांनीच ठरविला. आठ मासे सोडले आणि आठही जगले. ती वही प्रयोगशाळेत ठेवली आहे. ज्यांना घरी प्रारंभ करावयाचा आहे, त्यांनी भेटीस येताना ती अवश्य पाहावी आणि आपली पहिली खरेदी माशांची न करता तपासणी-संचाची करावी.