मालवण: दोघांचे तीन दिवस, साडेअकरा हजारांत

मुंबईहून दोघं, दोन रात्री, रेल्वेचा स्लीपर आणि घरगुती मुक्काम असा बेत असेल, तर मालवणचा खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास बसतो. खालचे आकडे अंदाजे आहेत. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात खोल्यांचे भाव बरेच चढतात.

प्रवास: १,६५० रुपये. कुडाळला उतरा. तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर, एसटीने जाता येतं. रिक्षा केलीत तर एका खेपेचे सातशेच्या घरात वेगळे धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ते त्याच दिवशी करा.

मुक्काम: ४,००० रुपये. तारकर्ली-देवबागला घरगुती खोली दीड ते अडीच हजारांत मिळते. न्याहारी त्यात धरली आहे का, एवढं फोनवरच विचारून घ्या.

जेवण: ४,००० रुपये. बांगड्याचं ताट दोन-अडीचशे, सुरमईचं साडेतीनशे-चारशे. भाकरी, तिखलं, तळलेली तुकडी आणि सोलकढी एवढ्यात पोट भरतं. पापलेट आणि मोठी सुंगटं मात्र आकारावर विकली जातात. एकदा मी भाव न विचारता पापलेट सांगितलं आणि त्या एका माशाचं बिल दोन ताटांएवढं झालं. मासा आधी बघा, भाव ठरवा, मगच तव्यावर जाऊ द्या. सकाळी घावणे आणि नारळाच्या रसातल्या खापरोळ्या चुकवू नका.

भटकंती: १,४०० रुपये. यात दोन दिवसांची रिक्षा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आली. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी असताना आत गोडं पाणी, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. स्कूबाचे माणशी हजार ते दोन हजार वेगळे. फोटो-व्हिडिओ त्यातच आहेत का, ते विचारा.

खाऊ: ५०० रुपये. मालवणी खाजा आणि कोकमाचं आगळ.

फुकटातलं सोनं. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघा. टोपल्या वाळूत रित्या होतात, भोवती बायकांचं कडं पडतं, बोली चढत जाते आणि बघता बघता ढीग उचलला जातो. हिवाळ्यात गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार रंगतो, त्याला तिकीट नसतं. परतताना कुडाळजवळच्या पिंगुळीत थांबा. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिथल्या ठाकर समाजाने टिकवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात होड्याही लागत नाहीत, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडा. आणि घासाघीस करायचीच असेल, तर ती मासळी विकणाऱ्या बाईशी करू नका. तिच्या टोपलीत पहाटेपासूनची मेहनत आहे.